मुलगी ‘मोठी झाली’ म्हणजे काय? अरबी कादंबरीतल्या मुलींची घडण

‘मुलगा मोठा झाला’ आणि ‘मुलगी मोठी झाली’ ही दोन वाक्यं दिसायला सारखी, पण मराठीत त्यांचे अर्थ वेगळे. पहिलं ऐकलं की उंची, मिसरूड, पुढचं शिक्षण, कमाई असं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. दुसरं वाक्य बायका आवाज खाली आणून बोलत आल्या. शहाणी झाली, न्हाण आलं, पदर आला. त्या दिवसापासून तिच्या खेळायला जाण्याचा, मोठ्याने हसण्याचा, दारात उभं राहण्याचा हिशेब सुरू होतो. ज्या वयात भावाचं जग रुंदावतं, त्याच वयात तिचं आक्रसतं.

कैरो, बैरूत, बगदाद इथल्या लेखिकांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत अरबी भाषेत लिहिलेल्या कितीतरी कादंबऱ्या नेमक्या ह्याच ठिकाणी उभ्या आहेत. मुलगी वाढू लागते आणि तिच्याभोवतीची जागा कमी होऊ लागते. ह्या कादंबऱ्यांत काय घडतं, त्यांचे शेवट अनेकदा अडकल्यासारखे का वाटतात आणि तरीही त्या इतक्या जिवंत का आहेत, हे सोपं करून सांगावं असं फार दिवस मनात होतं.

साचा मुलाच्या मापाचा

एखाद्या माणसाची घडण हाच विषय असलेला कादंबरीचा एक प्रकार युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजला. जर्मन लेखक ग्योथे याची 1795-96 मध्ये आलेली विल्हेल्म माइस्टरची कादंबरी हा त्याचा नमुना मानतात. त्यातला तरुण घर सोडतो, भटकतो, चुकतो, प्रेमात पडतो, भ्रमनिरास पचवतो आणि शेवटी जगात स्वतःची जागा शोधून शांत होतो. ह्या प्रकाराला अरबीत ‘रिवायत अत्-तकवीन’ म्हणतात. रिवायत म्हणजे कादंबरी आणि तकवीन म्हणजे घडवणं, अस्तित्वात आणणं. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ ह्या पहिल्या पुस्तकाचं अरबी नावही तकवीन असंच आहे, त्यामुळे ह्या शब्दाला शून्यातून काही उभं राहण्याची छटा आहे.

अरबीत हा प्रकार आधी पुरुषांनी लिहिला. ताहा हुसेन यांचं ‘अल-अय्याम’ हे आत्मकथन 1929 मध्ये पुस्तकरूपात आलं. खेड्यातला आंधळा मुलगा कुराण पाठ करतो आणि शिकण्यासाठी कैरोच्या अल-अझहर ह्या धर्मविद्यापीठात जातो. याह्या हक्की यांच्या 1944 च्या छोट्या कादंबरीतला तरुण इंग्लंडला जाऊन डोळ्यांचा डॉक्टर होतो. परत आल्यावर वस्तीतल्या दर्ग्याच्या दिव्याचं तेल लोक औषध म्हणून डोळ्यांत घालतात हे पाहून तो संतापतो, दिवा फोडतो आणि मग हळूहळू त्या लोकांत मिसळून जातो. तपशील बदलतात, वाट तीच राहते. गाव, मग शहर, मग युरोप, मग परत.

ह्या वाटेवर मुलीला चालवून बघा. ती घर सोडून भटकणार कशी? चुकली तर ‘अनुभव आला’ असं कोण म्हणणार? सर्वात अवघड शेवटचा टप्पा. मुलाने जगाशी जुळवून घेतलं की त्याची घडण पूर्ण झाली असं वाचकाला वाटतं. मुलीने जुळवून घेतलं, तर ती तेराव्या वर्षी घरच्यांनी सांगितलेल्या जागी येऊन बसलेली असते. म्हणजे त्याचा जो सुखान्त, तो तिच्यासाठी हार ठरतो. अरबी लेखिकांना हा साचा तयार मिळाला, पण तो मुलाच्या मापाने बेतलेला होता. त्यांनी तो कसा उसवला, ही ह्या कादंबऱ्यांची खरी गंमत आहे.

हे लिहायला विसाव्या शतकाचा मध्य का उजाडला? बायका त्याआधीही लिहीत होत्या. झैनब फव्वाझ यांची कादंबरी 1899 ची आहे. पण ‘मी अशी घडले’ असं म्हणणारी नायिका यायला शाळेत गेलेली, वर्तमानपत्र वाचणारी, एकटीने रस्त्यावर चालून पाहिलेली मुलगी आधी समाजात असावी लागते. इजिप्तमध्ये मुलींची पहिली सरकारी शाळा 1873 मध्ये निघाली, विद्यापीठात मुली 1920 च्या दशकाच्या शेवटी आल्या आणि मताचा हक्क 1956 मध्ये मिळाला. पहिल्या मोठ्या कादंबऱ्या 1958 ते 1960 ह्या काळात एकापाठोपाठ एक आल्या, त्या ह्या पार्श्वभूमीवर.

तीन-चार शब्द, जे आपलेही आहेत

पुढे जाण्याआधी काही शब्द हाती घेऊ. फारसीच्या वाटेने ते मराठीतही आलेत, म्हणून आपल्याला ते पटकन भिडतात.

‘ऐब’ म्हणजे आपल्याकडे खोड, दोष. अरब घरांत हाच शब्द लहान मुलांना दटावायला वापरतात. फ्रॉक वर गेला, आवाज चढला, परक्याकडे बघून हसू आलं की आई एवढंच म्हणते, ऐब! कारण सांगितलं जात नाही, शब्द पुरेसा असतो.

‘हयात’ आपण रोज वापरतो. आजी हयात आहे, हयातीत असं पाहिलं नाही. ह्याच अरबी धातूपासून ‘हया’ हा शब्दही येतो, म्हणजे लाज, मर्यादा. ‘बेहया’ मधला हया तो. जगणं आणि लाजणं एकाच मुळाचं. ह्या कादंबऱ्यांतल्या मुलींचा झगडा मला कधी कधी ह्या एका धातूत मावलेला दिसतो.

आणि ‘बाब’. ‘ही बाब गंभीर आहे’ असं म्हणताना आपल्याला आठवतही नाही, पण अरबीत बाब म्हणजे दार. पुस्तकाच्या प्रकरणालाही बाब म्हणतात. एका लेखिकेने आपल्या कादंबरीच्या नावातच हा शब्द घेतला.

उघडं दार

लतीफा अल-झय्यात यांची ‘अल-बाब अल-मफ्तूह’, म्हणजे ‘उघडं दार’, 1960 मध्ये आली. ह्या विषयावरची एकच कादंबरी वाचायची असेल तर ही वाचावी.

21 फेब्रुवारी 1946. ब्रिटिश सैन्याने देश सोडावा म्हणून कैरोत प्रचंड मोर्चा निघाला आणि गोळीबारात माणसं मेली. त्या संध्याकाळी कादंबरी सुरू होते. मध्यमवर्गीय घरात 11 वर्षांची लैला भावाची वाट बघते आहे. महमूद मोर्चात गेला होता, तो पायाला गोळी लागून घरी येतो. लैलाच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे आणि शाळेत ती सर्वांना सांगते. तिच्या डोळ्यांत मोठं होणं म्हणजे भावासारखं होणं.

मग एक दिवस ती ‘मोठी’ होते, आणि तिला बापाच्या रडण्याचा आवाज ऐकू येतो. बाप देवाकडे अब्रू राखण्यासाठी याचना करतो आहे. तिच्या शरीरात काही घडलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. बाई होणं म्हणजे भिंती आधीच आखून ठेवलेल्या तुरुंगात शिरणं, हे तिला त्या वयात समजतं. ह्या प्रसंगाला अल-झय्यात जेमतेम काही पानं देतात, पण पुढची सगळी कादंबरी त्या हुंदक्याच्या सावलीत चालते. खरं म्हणजे हा बाप दुष्ट नाही. तो घाबरलेला आहे, आणि घाबरलेल्या माणसाचा जाच दुष्टाच्या जाचापेक्षा ओळखायला कठीण असतो.

आईकडे मारझोड नाही, तिच्याकडे ‘उसूल’ आहेत. कुणाकडे कसं बसावं, पाहुण्याशी किती बोलावं, कुठे काय घालावं, ह्या सगळ्याचे उसूल. ते पाळणारी कधी चुकत नाही, हे तिचं पालुपद. ती मुलीवर प्रेम करते, आणि त्या प्रेमापोटीच तिला आपल्यासारखी करू पाहते.

लैला पुढे शाळेतल्या मुलींबरोबर मोर्चात जाते. त्या गर्दीत आपण एकट्या नाही, हजारोंच्या आवाजातला एक आवाज आहोत, हे तिला पहिल्यांदा जाणवतं. घरी आल्यावर बाप तिला चपलेने मारतो. मोर्चाबद्दल मोठमोठं बोलणारा भाऊ गप्प राहतो. ह्या गप्प बसण्यावर कादंबरी बराच वेळ थांबते आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. देश स्वतंत्र व्हावा म्हणून गोळी झेलायला तयार असलेला तरुण बहिणीच्या स्वातंत्र्याशी येऊन अडखळतो. तिच्यावर प्रेम करणारा मावसभाऊ इसामही तिला मालकीची वस्तू समजतो. विद्यापीठातले प्राध्यापक रमझी, ज्यांच्याशी तिची सोयरीक ठरते, त्यांना तिच्यात हवा असतो आज्ञाधारकपणा, आणि ते त्यालाच सद्गुण म्हणतात. महमूदचा मित्र हुसैन परदेशातून तिला पत्र लिहितो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की तू माझ्यात विरघळून जाऊ नकोस, भिऊ नकोस, दार सताड उघड आणि उघडंच ठेव.

शेवट 1956 चा. सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण झालंय, इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायल यांनी हल्ला केलाय आणि लैला पोर्ट सैदमध्ये शिक्षिका आहे. शहर लढतं, तीही त्यात उतरते, आणि रमझीच्या बंधनातून सुटते. मुलगी आणि देश एकाच वेळी मोकळे होतात. आज हे जुळणं जरा जास्तच नेटकं वाटतं. पण 1960 च्या कैरोत बसून पाहिलं तर त्या आशेतलं खरेपण कळतं. अल-झय्यात स्वतः 1946 च्या विद्यार्थी चळवळीच्या पुढाऱ्यांपैकी होत्या, 1949 मध्ये तुरुंगात गेल्या, आणि 1981 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुन्हा गेल्या. लहानपणी मन्सूरा गावात घराच्या सज्जातून त्यांनी पोलिसांना निदर्शकांवर गोळ्या झाडताना पाहिलं होतं. सज्जात अडकून पडलेली ती मुलगी त्यांनी आत्मपर लेखनातही आणली. लैलाला रस्त्यावर उतरवणं ही त्यांच्यासाठी नुसती कल्पना नव्हती.

ह्या कादंबरीवर 1963 मध्ये चित्रपट निघाला आणि त्यात लैलाचं काम फातेन हमामा ह्या त्या काळच्या सर्वात लाडक्या अभिनेत्रीने केलं. नजीब महफूज पदक 1996 मध्ये सुरू झालं, तेव्हा पहिल्याच वर्षी त्याच्या मानकऱ्यांत ही कादंबरी होती.

भाषेबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी. अरबीत लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यांत खूप अंतर आहे. पुस्तकं, बातम्या, प्रवचनं ‘फुसहा’त, म्हणजे प्रमाण अरबीत. घर, बाजार, भांडण, प्रेम त्या-त्या देशाच्या बोलीत. आपल्याकडे प्रमाण मराठी आणि गावची बोली यांत जे अंतर असतं, त्याहून हे कितीतरी मोठं. अल-झय्यात यांनी संवाद कैरोच्या बोलीत लिहिले. त्यामुळे आई, मावशा, मैत्रिणी कागदावर त्यांच्या घरच्या आवाजात बोलू लागल्या. मुलीची घडण स्वयंपाकघरात होते, आणि स्वयंपाकघर प्रमाणभाषेत बोलत नाही.

त्याच सुमाराच्या दोन रागावलेल्या मुली

त्याआधी दोन वर्षं, 1958 मध्ये, बैरूतमध्ये लैला बालबक्की यांची ‘अना अहया’ आली. ‘हयात’ आठवत असेल तर शीर्षक आपोआप कळतं. मी जगते, मी हयात आहे. नायिका लीना फय्याद श्रीमंत घरातली. बापाचा पैसा तिला नकोसा आहे, आईची लाचारी तिला बघवत नाही. ती नोकरी धरते, एकटी कॅफेत जाऊन बसते, आणि ह्या साध्या गोष्टींसाठी तिला रोज स्वतःशी आणि शहराशी लढावं लागतं. बहा नावाचा इराकी साम्यवादी तरुण तिला भेटतो. तो जगाची उलथापालथ करायला निघालाय, पण ही मुलगी समोर बसली की त्याच्याही जुन्या समजुती वर येतात. शेवटी लीना मरायला निघते, तेही जमत नाही, आणि ती घरी परतते. कादंबरी फिरून जिथे सुरू झाली तिथे येते. ‘उघडं दार’चा शेवट आणि हा शेवट शेजारी ठेवून बघा. इथे लीनाच्या मदतीला कोणताही देश येत नाही, ती एकटीच ‘मी’ म्हणत राहते. बालबक्की यांच्यावर पुढे 1964 मध्ये एका कथासंग्रहावरून अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या निर्दोष सुटल्या.

दुसरी, नवाल अल-सादावी यांची डॉक्टर स्त्रीच्या आठवणींची छोटी कादंबरी. नायिकेला नावच नाही. आपलं बाईपणाशी भांडण फार लवकर सुरू झालं, असं ती सुरुवातीलाच सांगते. भाऊ उठून अंथरूण तसंच टाकून जातो, तिला स्वतःचं आणि त्याचंही आवरावं लागतं. एवढ्या लहान तपशिलात सगळं घर उभं राहतं. ती लांब केस कापून टाकते, वैद्यकीय शिक्षण घेते, आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर पुरुषाचं उघडं शरीर तिच्या हाताखाली येतं. ज्याच्या श्रेष्ठत्वाचा धाक तिला आयुष्यभर घातला, ते हे. पुस्तक घाईत लिहिल्यासारखं वाटतं आणि शेवट सोयीचा आहे, पण पहिली वीस-पंचवीस पानं वाचलेली मुलगी ती विसरणार नाही.

दाराआड

जून 1967 च्या युद्धात इजिप्त, सीरिया आणि जॉर्डन इस्रायलकडून सहा दिवसांत हरले. त्यानंतर मुलगी आणि देश हातात हात घालून पुढे जातील, ही कल्पना लिहिणं कुणालाच जमलं नाही. पुढे 1975 मध्ये लेबनॉनचं यादवी युद्ध पेटलं. हनान अल-शेख यांची ‘हिकायत झहरा’ त्या युद्धातून आली. प्रकाशक छापायला तयार नव्हते, म्हणून 1980 मध्ये त्यांनी ती स्वतःच्या पैशाने छापली. काही अरब देशांत तिच्यावर बंदी आली.

हिचीही सुरुवात दारापाशी होते. लहानगी झहरा आईबरोबर दाराआड उभी आहे, आईचा हात तिच्या तोंडावर घट्ट दाबलेला, दोघी थरथरताहेत. आई प्रियकराला भेटायला जाते आणि संशय येऊ नये म्हणून मुलीला बरोबर नेते. लैलाच्या आईकडे उसूल होते, झहराच्या आईकडे लपवाछपवी आहे. मुलगी जगाबद्दलचा पहिला धडा शिकते तो तोंड दाबलेल्या अवस्थेत. बाप ट्राममध्ये कंडक्टर, खाकी कपडे, कमरेला पट्टा. घरातलं चांगलंचुंगलं भाऊ अहमदच्या ताटात आणि बचतही त्याला अमेरिकेला पाठवायची. झहरा चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या कुरतडत बसते. तिच्या शरीराशी तिचं स्वतःचं एवढंच नातं उरलंय.

ती आफ्रिकेत राहणाऱ्या मामाकडे जाते. मुलाच्या घडणीत परदेश म्हणजे मोकळी हवा असते. झहराला तिथेही मोकळेपण नाही. मामाला तिच्यात हरवलेली मायभूमी दिसते, आणि ज्या माजिदशी ती लग्न करते त्याला दिसते ती वर चढायची पायरी. हनान अल-शेख यांनी एक विलक्षण गोष्ट केली. मधली दोन प्रकरणं त्यांनी मामाला आणि नवऱ्याला सांगायला दिली. ते तिच्याबद्दल बोलत राहतात, आणि पानागणिक कळत जातं की त्यांना ती दिसलेलीच नाही.

नंतर ती बैरूतला परतते आणि युद्ध सुरू होतं. इथे कादंबरी वाचकाला फार अस्वस्थ करते. रस्ते ओस पडतात, शेजारीपाजारी कुणी काय म्हणेल हे बघायला जागेवर उरत नाहीत, बापाचा दरारा संपतो. अब्रूची सगळी यंत्रणा कोसळते, आणि त्या ढिगाऱ्यात झहराला आयुष्यात पहिल्यांदा श्वास घेता येतो. समोरच्या गच्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना टिपणारा एक बंदूकधारी आहे. ती त्याच्याकडे जाऊ लागते. त्याच्या जवळ तिचं शरीर जागं होतं. तिला दिवस जातात. ज्या संध्याकाळी लग्नाचं बोलणं निघतं, त्याच संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात तिला गोळी लागते.

झहरा ‘घडली’ का? घडली, पण ज्या काळात शहर माणसांना मारत होतं त्या काळात, आणि जो मारत होता त्याच्या सोबतीने. हा शेवट काहींना शिक्षेसारखा वाटतो. मला तो बैरूतवरचा आरोप वाटतो. शांततेच्या दिवसांत त्या शहरात ह्या मुलीसाठी कोपराभर जागा नव्हती.

डांबराच्या गोळ्यांचा वास

इराकच्या आलिया ममदूह यांच्या ‘हब्बात अल-नफ्तालीन’ (1986) चं नाव ऐकून मी थबकले. मराठीत सांगायचं तर ‘डांबराच्या गोळ्या’. कपाटात, ट्रंकेत, जुन्या शालूंच्या घडीत ठेवतात त्या.

बगदादच्या आझमिया भागात, साधारण 1940-50 च्या काळात, नऊ वर्षांची हुदा राहते. गल्लीत धावणारी, भांडणारी, मार खाणारी आणि उलटून बोलणारी. बाप करबलाच्या तुरुंगात पोलीस अधिकारी. आई सीरियाची, क्षयाने झिजत चाललेली. घर चालवते ती आजी. बाप दुसरं लग्न करतो आणि आईला माहेरी धाडलं जातं.

इथे घटना कमी आणि वास, आवाज, स्पर्श जास्त. बायकांच्या हमामातलं प्रकरण तर मुद्दाम सावकाश वाचावं. वाफ, साबण, लोंबणारी-सुकलेली-गरोदर अशी सगळ्या वयांची शरीरं, आणि त्यांच्यामधून बघत फिरणारी एक मुलगी. आपलं पुढचं शरीर तिला तिथे आधीच दिसतं. निवेदन ‘मी’, ‘तू’ आणि ‘ती’ यांमध्ये घसरत राहतं. लहान हुदाकडे मोठी हुदा कधी आतून बघते, कधी समोर उभी राहून बोलते, कधी लांबून सांगते. लेखिकेने इराक 1982 मध्येच सोडला होता. परतण्याजोगं नसलेलं घर जसं आठवतं, तसंच हे लिहिलंय. धीट मुलगी कशी दबली, एवढाच हा विषय नाही. हुदाचा धीटपणा घरातल्या बायकांच्या सहवासातून आलाय, विशेषतः आजीकडून. आजी म्हणजे जाच हे समीकरण इथे मोडतं.

ते समीकरण पुन्हा जोडणारी कादंबरीही आहे. मिराल अल-तहावी इजिप्तमधल्या बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या कुटुंबातल्या. त्यांची ‘अल-खिबा’, म्हणजे तंबू, 1996 ची. तीतल्या फातिमाच्या घरावर करड्या आजीचं राज्य आहे, आई बंद खोलीत रडत असते आणि वडील सतत बाहेर. फातिमा पाय गमावते. शिकवायला येणारी परदेशी बाईसुद्धा तिच्याकडे जतन करायचा नमुना म्हणूनच बघते. ह्या बाईचं चित्रण मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात एक इशारा आहे. ह्या कादंबऱ्या बाहेरच्या जगात जातात तेव्हा मुखपृष्ठावर हमखास बुरख्यातले डोळे येतात, आणि वाचक त्या ‘तिकडच्या बायकांचा अहवाल’ म्हणून वाचतो. अरब लीगमध्ये 22 देश आहेत. बैरूतच्या कॅफेतली लीना आणि वाळवंटाच्या कडेची फातिमा यांना एका ओळीत बसवणं म्हणजे दोघींनाही न वाचणं.

कुणाचा आवाज, किती आवाज

नंतरच्या लेखिकांनी घडणीची सरळ रेघच सोडली. पॅलेस्टाइनच्या अदानिया शिबली यांच्या ‘मसास’ (2002) मध्ये लहान मुलीला नाव नाही, कथानकही जवळपास नाही. रंग, शांतता, हालचाल, भाषा आणि भिंत असे भाग आहेत. भोवतालचं राजकारण त्या मुलीला कळत नाही, तिला गंज दिसतो, कुजबुज ऐकू येते. रजा अल-सानी यांच्या ‘बनात अल-रियाद’ (2005) मध्ये एक अनामिका दर शुक्रवारी ईमेल पाठवून चार मैत्रिणींच्या गोष्टी सांगते. पुस्तक सौदीतलं, पण छापलं गेलं बैरूतमध्ये. साहित्य म्हणून ते हलकं आहे. तरी एक बदल तिथे पक्का दिसतो. एकटी मुलगी जाऊन चौघी आल्या.

ओमानच्या जोखा अल-हारिसी यांनी हेच खूप खोलवर नेलं. ‘सय्यिदात अल-कमर’, चंद्राच्या स्त्रिया, 2010 मध्ये आली. मॅरिलिन बूथ यांच्या इंग्रजी भाषांतरासह तिला 2019 चं मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मूळ अरबी पुस्तकाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. ‘उघडं दार’ आणि ‘बनात अल-रियाद’ यांच्या भाषांतरांवरही बूथ यांचंच नाव आहे, म्हणजे आपल्यापर्यंत ह्या मुली बऱ्याच अंशी एकाच बाईच्या शब्दांतून पोचल्यात. मात्र ‘बनात’च्या आपल्या भाषांतरात इतरांनी केलेल्या बदलांवर त्यांनी उघडपणे आक्षेप घेतला होता. मैत्रिणींच्या बोलीची धार त्यामुळे बोथट झाली असं त्यांचं म्हणणं.

अल-अवाफी ह्या काल्पनिक गावात तीन बहिणी आहेत. ओमानमध्ये 1970 पर्यंत सरकारी शाळा तीनच होत्या आणि त्याही मुलांच्या. गुलामगिरीही त्याच वर्षी कायद्याने संपली. एका पिढीत सगळं जग बदललं, आणि ह्या तिघी त्या उंबरठ्यावर आहेत. थोरली मय्या शिवणयंत्रावर वाकलेली, लंडनहून परतलेल्या एका तरुणाच्या प्रेमात, पण एक शब्द न बोललेली. तिचं लग्न दुसऱ्याशीच, व्यापाऱ्याच्या मुलाशी, अब्दल्लाशी लावून देतात. ती तेव्हाही काही बोलत नाही. मुलगी झाल्यावर तिचं नाव ‘लंडन’ ठेवते. गावात असं नाव कुणी ऐकलेलं नाही, तरी ती मागे हटत नाही. मधली अस्मा पुस्तकांतून जग बघते आणि एका चित्रकाराशी विचारपूर्वक लग्न करते. बहुतेक कादंबरी तिऱ्हाईताच्या आवाजात आहे. ‘मी’ म्हणतो तो एकटा अब्दल्ला, विमानात बसून, बापाच्या धाकाने आतून पोखरलेला. मुलीच्या घडणीची गोष्ट सांगता सांगता लेखिकेने तिच्या बाजूला उभ्या असलेल्या पुरुषाचं न वाढणंही दाखवलं, आणि ते मायेने दाखवलं.

धाकटी खौला चुलतभाऊ नासिरची वाट बघत मोठी झाली. लहानपणी घरच्यांनी एकमेकांसाठी ठरवलेली जोडी. तो कॅनडात, ती आरशासमोर. त्याच्याशी लग्न होतं आणि तो पुन्हा निघून जातो. वर्षानुवर्षं कॅनडात दुसरीबरोबर राहतो, अधूनमधून येतो, तिला मूल देऊन परत जातो. शेवटी तो कायमचा परत येतो, नोकरी धरतो, घरात रमतो, बापाचं कर्तव्य करतो. खौलाला जे हवं होतं ते सगळं आता घरात आहे. मुलं मोठी झालीत, ती स्वतः चाळिशीत आहे. आणि मग ती नवऱ्याकडे घटस्फोट मागते.